उत्तर देण्याची संधी: चवथीच्या दुपारी अडलेल्या एका डावाचा अभ्यास

हे प्रकरण फोंडा तालुक्यातील आमच्या मूळ घरी, चवथीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी घडले. आरती आणि जेवणे उरकून वडीलधारी मंडळी आडवी झाली होती आणि वसरीत चटई अंथरून माझा भाचा व पुतण्या ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या कार्डांच्या खेळाचा डाव खेळत होते. या खेळाची नियमावली मी नीट वाचलेली आहे हे घरात सर्वांना ठाऊक असल्यामुळे वाद झाला की निवाड्यासाठी मला हाक येते, तशी ती त्या दिवशीही आली. वाद फक्त चार कार्डांचा होता. ती चारही कार्डे १९९३ साली निघालेल्या या खेळाच्या पहिल्या संचापासून चालत आलेली, अगदी साधी, प्रत्येकी एखाद्या ओळीच्या मजकुराची किंवा मजकूर नसलेलीच आहेत. तरीही निवाडा समजावून सांगेपर्यंत चहाची वेळ झाली, कारण अडचण कार्डांवर छापलेल्या मजकुरात नव्हती. ती त्या मजकुराचा अंमल कधी सुरू होतो या प्रश्नात होती.

आधी पटाची स्थिती सांगतो. भाच्याचा डेक हिरवा होता. त्याच्यापुढे ‘ग्रिझली बेअर्स’ (पुढे नुसते अस्वल) हे एकच क्रीचर, म्हणजे लढणारे पात्र, होते, ज्याचे बळ २ आणि सोसण्याची क्षमता २, म्हणजे खेळाडूंच्या भाषेत दोन-दोन. त्याच्याकडे एक फॉरेस्ट, म्हणजे कार्डाची किंमत भरण्यासाठी आडवे (‘टॅप’) करायचे लँड कार्ड, टॅप न केलेले शिल्लक होते आणि हातात एकच कार्ड होते, ‘जायंट ग्रोथ’, जे एका क्रीचरला तो टर्न संपेपर्यंत अधिक तीन-तीन देते. पुतण्याचा डेक लाल होता. त्याच्यापुढे ‘ग्रे ओगर’ हे दोन-दोनचे क्रीचर, एक मोकळे माउंटन (हेही लँडच) आणि हातात ‘लाइटनिंग बोल्ट’, म्हणजे कोणत्याही क्रीचरला किंवा खेळाडूला तीन डॅमेज (इजा). भाच्याचे आयुष्य ४ उरले होते, पुतण्याचे ५.

टर्न भाच्याचा होता आणि त्याने अस्वलाने हल्ला केला. पुतण्याने तो ओगरने ब्लॉक केला, म्हणजे अडवला, कारण आधीच्या डावात जायंट ग्रोथ त्याने पाहिली होती आणि ब्लॉक न केलेले अस्वल पाच-पाच झाले असते तर त्याचे पाचही आयुष्य एका फटक्यात गेले असते. यानंतर भाच्याने फॉरेस्ट टॅप केले, ग्रोथ खाली ठेवली आणि एका दमात म्हणाला, “अस्वलावर जायंट ग्रोथ, अस्वल पाच-पाच, ओगर मेला.” हे म्हणत असतानाच त्याने ग्रोथ आपल्या ग्रेव्हयार्डमध्ये, म्हणजे बाद कार्डांच्या ढिगात, सरकवली आणि पुतण्याच्या ओगरकडे बोट दाखवले. पुतण्याने नुकतीच नेवरी खाल्लेली होती, आणि कार्डांना तेल लागू नये म्हणून हातातले कार्ड पालथे ठेवून तो रुमालाला बोटे पुसत होता. बोटे पुसून झाल्यावर तो म्हणाला, “थांब, ग्रोथवर मी बोल्ट टाकतो.” भाच्याचे म्हणणे पडले की आता उशीर झाला, ग्रोथ लागू झाली, लढाईही झाली, बोल्ट टाकायचाच असेल तर तो आता टाक.

बोल्ट कोणत्याही क्षणी टाकला तरी अस्वल मरणारच होते, हा या प्रकरणातला सर्वांत गमतीचा भाग आहे. भाच्याच्या म्हणण्याप्रमाणे लढाई होऊन गेली असेल, तर पाच-पाचच्या अस्वलाला ओगरकडून २ डॅमेज झालेले आहे, त्यात बोल्टचे ३ मिळवले की ५ होतात आणि अस्वल जाते. परंतु तोवर ओगरही गेलेला असतो. पुतण्याच्या म्हणण्याप्रमाणे बोल्ट ग्रोथला उत्तर म्हणून पडला असेल, तर अस्वल लढाईआधीच मरते आणि ओगर जिवंत राहतो. वाद अस्वलाच्या नावाने चालला असला तरी प्रश्न ओगरचा होता. चार आयुष्य उरलेल्या आणि दुसरे क्रीचर नसलेल्या भाच्यासमोर दोन बळाचा ओगर राहणे म्हणजे दोन टर्नमध्ये डाव संपणे.

या खेळात कार्ड खाली ठेवले म्हणजे ते लागू झाले असे होत नाही. लँड सोडून हातातले कोणतेही कार्ड खेळले की ते आधी स्टॅकवर जाते. पंगत उठल्यावर धुतलेली ताटे एकावर एक रचतात आणि शेवटी ठेवलेले ताट सर्वांत आधी उचलले जाते, तसाच हा स्टॅक. शेवटी पडलेले कार्ड आधी लागू होते आणि पहिले कार्ड तळाशी वाट पाहते. वरचे कार्ड लागू होण्यासाठी एकच अट आहे, ती म्हणजे मध्ये काहीही न करता सर्व खेळाडूंनी एकापाठोपाठ आपली संधी सोडली पाहिजे. या संधीलाच नियमावलीत प्रायॉरिटी म्हटले आहे. ज्याचा टर्न चालू असतो त्याला ती आधी मिळते. त्याने काही खेळले तर खेळल्यानंतर ती पुन्हा त्याच्याकडेच येते. त्याने सोडली की समोरच्याकडे जाते. समोरच्यानेही सोडली तरच स्टॅकवरची सर्वांत वरची गोष्ट लागू होते.

प्रत्यक्षात कोणी दर वेळी “मी संधी सोडली” असे म्हणत नाही, म्हटले तर एक डाव संध्याकाळपर्यंत चालेल. म्हणून स्पर्धांच्या नियमांत एक सोय मान्य केलेली आहे: खेळाडूने कार्ड स्टॅकवर ठेवले आणि संधी राखून ठेवत असल्याचे सांगितले नाही, तर त्याने ती समोरच्याकडे दिली असे धरायचे. ही सोय कार्ड खेळणाऱ्यापुरतीच आहे, आणि भाच्याची चूक मला येथेच दिसली. त्याची स्वतःची संधी त्याने न बोलता सोडली असे आपण धरतो; पण पुतण्याची संधी पुतण्याच्या वतीने सोडण्याचा अधिकार त्याला कोणी दिलेला नाही. भाचा ही घाई का करतो हेही मला माहीत आहे. त्याची सुरुवात पोकेमॉनच्या कार्डांपासून झाली. त्या खेळात समोरच्याच्या टर्नमध्ये आपल्या हातातले कार्ड मध्येच खेळता येत नाही, त्यामुळे कार्ड ठेवून समोरच्याकडे पाहण्याची सवय त्याच्या हाताला लागलेली नाही. त्याला फसवायचे नव्हते याबद्दल माझ्या मनात शंका नाही, आणि हे मी निवाडा देण्याआधी मोठ्याने सांगितले.

आता पुतण्या गप्प राहिला याचा अर्थ काय लावायचा? गप्प राहणे म्हणजे कधी संमती असते, कधी नसते, आणि पंचाला येथे नियमापेक्षा डोळे अधिक वापरावे लागतात. पुतण्याने “बरं” म्हटले असते, मान हलवली असती किंवा ओगर स्वतःच्या हाताने उचलून ग्रेव्हयार्डमध्ये ठेवला असता, तर मी भाच्याच्या बाजूने निर्णय दिला असता. कारण ओगर मेला हे मान्य करणे म्हणजे त्याआधीच्या सर्व संधी सोडल्याचे मान्य करणेच होय. यांपैकी काहीच घडले नव्हते. ओगर जागच्या जागी ब्लॉक करीत होता, त्याला कोणाचा हात लागलेला नव्हता. पुतण्याचे कार्ड पालथे होते आणि बोटे रुमालात होती, म्हणजे त्या क्षणी त्याने काही ठरवले असे दाखवणारी कोणतीही खूण नव्हती. भाच्याच्या बोलण्यात आणि पुतण्याच्या ‘थांब’मध्ये गेलेला वेळ दोन-तीन सेकंदांचा होता, आणि तेवढ्या वेळावरून समोरच्याची संधी हिरावून घेतली तर या खेळात जलद बोलणारा नेहमीच जिंकेल.

यावर भाच्याने एक आक्षेप घेतला, तो मला विचार करण्यासारखा वाटला. तो म्हणाला, “मामा, पण काय होणार हे बघून मग त्याने बोल्ट टाकला. हे बरोबर आहे का?” मागे जाऊन डाव पुन्हा लावताना पंचाने हाच प्रश्न स्वतःला विचारायचा असतो. मधल्या काळात कोणाला नवी माहिती मिळाली का? येथे ती मिळालेली नव्हती. जायंट ग्रोथचा मजकूर उघड आहे, ती अस्वलावर टाकली हे खेळतानाच जाहीर झाले, ओगरला पाच डॅमेज बसले तर तो मरेल हे कोणालाही आधीच दिसत होते. कोणी कार्ड ओढले नव्हते, हातातले लपलेले कार्ड उघड झालेले नव्हते. पुतण्याने ‘ओगर मेला’ हे शब्द ऐकले, पण त्या शब्दांनी त्याला आधी माहीत नसलेले काही सांगितले नाही. भाच्याने दरम्यान पुढचे कार्ड ओढले असते, तर मात्र मागे जाणे अवघड झाले असते आणि माझा निर्णय कदाचित वेगळा झाला असता.

म्हणून मी डाव ग्रोथ स्टॅकवर असतानाच्या क्षणाला नेला. ग्रोथ परत हातात घेण्याची मुभा भाच्याला दिली नाही, कारण ती खेळून, तिचे लक्ष्य निवडून आणि तिची किंमत भरून झालेली होती. पुतण्याने माउंटन टॅप करून बोल्ट अस्वलावर टाकला. भाच्याच्या हातात आता कार्ड नव्हते, त्यामुळे दोघांनीही संधी सोडली आणि वरचे कार्ड म्हणून बोल्ट आधी लागू झाला.

“पण आधी मी खेळलो,” असे भाचा पुन्हा म्हणाला. हा उलटा क्रम नव्या खेळाडूला नेहमीच खुपतो, म्हणून त्याचे कारण सांगणे भाग आहे. उत्तर म्हणून टाकलेले कार्ड जर मूळ कार्डानंतर लागू होणार असेल, तर ते उत्तर राहतच नाही. समोरचा काठी उगारतो तेव्हा ढाल फटका बसण्याआधी पुढे यावी लागते, आणि शेवटचे ताट आधी उचलण्याच्या नियमामुळे ती येते. हाच नियम भाच्याच्याही उपयोगाचा आहे: बोल्ट आधी पडला असता आणि ग्रोथ उत्तरादाखल आली असती, तर ग्रोथ आधी लागू होऊन अस्वल पाच-पाच झाले असते आणि बोल्टच्या तीन डॅमेजने ते मेले नसते.

येथे बोल्ट लागू झाला तेव्हा अस्वल अजून दोन-दोनच होते. त्याच्यावर ३ डॅमेज बसले. पुढे कोणालाही संधी मिळण्यापूर्वी खेळ स्वतःची एक तपासणी करतो, जिला स्टेट-बेस्ड ॲक्शन म्हणतात: कोणाचे आयुष्य शून्यावर आले आहे का, कोणत्या क्रीचरला त्याच्या क्षमतेइतके किंवा जास्त डॅमेज झाले आहे का, इत्यादी. ही तपासणी स्टॅकवर जात नाही, तिला उत्तर देता येत नाही, आणि तिच्या आधी तळाशी थांबलेली ग्रोथ वर सरकून अस्वलाला वाचवू शकत नाही. अस्वल तेथल्या तेथे ग्रेव्हयार्डमध्ये गेले. त्यानंतर दोघांनी पुन्हा संधी सोडली, ग्रोथची पाळी आली, तिने आपले लक्ष्य शोधले आणि ते नव्हते. ज्या कार्डाचे एकमेव लक्ष्य नाहीसे झाले ते लागूच होत नाही. खेळाडू त्याला ‘फिझल झाले’ म्हणतात. ग्रोथही गेली. ओगरसमोर लढायला कोणी उरले नाही, त्याला काही लागले नाही, तो जिवंत राहिला.

पुतण्याने नंतर विचारले की भाचा फॉरेस्ट टॅप करीत असतानाच बोल्ट टाकता आला असता का. तसे करता येत नाही. लँडमधून मॅना, म्हणजे कार्डाची किंमत भरायची शक्ती, काढणे स्टॅकवर जात नाही, आणि कार्ड खेळण्याची क्रिया सुरू झाली की ती पूर्ण होईपर्यंत कोणाकडेच संधी नसते.

माझा एक चुलतभाऊ तोवर झोपेतून उठून चौकटीत येऊन उभा राहिला होता. तो २००५ च्या सुमारास पुण्यात इंजिनिअरिंगला असताना हा खेळ शिकला आणि नंतर बरीच वर्षे खेळला नाही. त्याने निवाडा ऐकून मान हलवली आणि म्हटले, “आमच्या वेळी भाच्याने ओगर मारलाच असता. त्याने डॅमेज स्टॅकवर ठेवून मग ग्रोथ टाकायची होती.” त्याची आठवण अचूक होती आणि त्याच्या काळातला नियमही तसाच होता. स्टॅकची ही एकसंध पद्धत १९९९ साली, सहाव्या आवृत्तीच्या नियमांबरोबर आली, आणि तेव्हापासून २००९ पर्यंत लढाईतले डॅमेजही स्टॅकवर जात असे. म्हणजे अस्वल ओगरला २ आणि ओगर अस्वलाला २ देणार हे स्टॅकवर नोंदले जायचे, आणि ते प्रत्यक्ष बसण्याआधी दोघांना संधी मिळायची. त्या नियमाने भाच्याने तेव्हा ग्रोथ टाकली असती आणि पुतण्याने तिच्यावर बोल्ट टाकून अस्वल मारले असते, तरी अस्वलाचे नोंदलेले २ डॅमेज स्टॅकवर राहिलेच असते आणि ओगरला बसून तोही मेला असता. मेलेल्या अस्वलाचा फटका बसतो ही गोष्ट नव्या माणसाला समजावणे कठीण होते. २००९ च्या नियमबदलात ती काढून टाकली, आणि आता लढाईचे डॅमेज स्टॅकवर न जाता एकाच वेळी, उत्तराला जागा न ठेवता बसते. तेच चार पत्ते, तेच दोन खेळाडू, आणि केवळ वर्ष बदलल्यामुळे ओगर एकदा मरतो आणि एकदा वाचतो. मला नवा नियम अधिक पटतो, चुलतभावाला जुना. त्यावर आमचे एकमत झाले नाही.

दुसरा मुद्दा माझ्या भाचीने काढला. ती ‘यू-गी-ओ’ खेळते. ती म्हणाली, “मामा, चेन उलगडायला लागली की मध्ये कोणालाच काही घालता येत नाही. ग्रोथ उलगडायला लागली होती ना?” तिच्या खेळातही पहिल्या कार्डानंतर समोरच्याला साखळीत पुढचा दुवा जोडण्याची संधी असते आणि उलगडणे शेवटच्या दुव्यापासूनच सुरू होते, तेव्हा तिच्या नियमानेही पुतण्याला विचारल्याशिवाय उलगडणे सुरू होऊ शकत नव्हते. परंतु तिने ज्या फरकाकडे बोट दाखवले तो खरा आहे. यू-गी-ओमध्ये साखळी एकदा उलगडू लागली की शेवटपर्यंत उलगडते. मॅजिकमध्ये एक वस्तू लागू झाली की खाली बाकीच्या थांबलेल्या असतानाच पुन्हा दोघांना संधी मिळते. समजा भाच्याकडे दुसरी ग्रोथ आणि दुसरे फॉरेस्ट असते आणि त्याने ती बोल्टवर टाकली असती. ती लागू होऊन अस्वल पाच-पाच झाल्यावरही, पहिला बोल्ट बसण्याआधी पुतण्याला थांबून विचार करता आला असता, आणि दुसरा बोल्ट व दुसरे माउंटन असते तर तो तेव्हाही टाकता आला असता. दोन बोल्टांचे ६ डॅमेज पाचच्या क्षमतेला पुरेसे झाले असते. भाचीच्या खेळात हा निर्णय उलगडणे सुरू होण्याआधीच घ्यावा लागला असता. दोन्ही पद्धती आपापल्या जागी सुसंगत आहेत, पण एका खेळाची सवय दुसऱ्यात नेली की अशी गल्लत होते.

निवाड्यानंतर भाच्याला वाईट वाटले होते, म्हणून त्या क्षणी त्याला काय करता आले असते हे आम्ही कार्डे पुन्हा मांडून पाहिले. माझ्या मते ग्रोथ हातात ठेवून संधी सोडणे हेच योग्य होते. पुतण्यानेही सोडली असती तर अस्वल आणि ओगर दोघेही एकमेकांच्या दोन डॅमेजने मेले असते आणि ग्रोथ हातात राहिली असती. पुतण्याने ओगर वाचवण्यासाठी अस्वलावर बोल्ट टाकला असता, तर भाच्याने त्यावर ग्रोथ टाकायची होती: अस्वल पाच-पाच, बोल्टचे ३, मग लढाईत ओगरचे २, म्हणजे अस्वल गेलेच असते, पण पाच बळाचा फटका खाऊन ओगरही गेला असता. दोन कार्डांना दोन कार्डे. प्रत्यक्षात भाच्याने दोन कार्डे गमावली आणि पुतण्याने एक.

त्यातच भाच्याने आणखी एक शंका विचारली, जी मला आजवर अनेकांनी विचारली आहे. ग्रोथमुळे पाच-पाच झालेल्या अस्वलाला टर्नमध्ये ३ डॅमेज झाले आणि ते वाचले, तर टर्न संपताना ग्रोथचा परिणाम उतरून ते पुन्हा दोन-दोन होईल. मग ३ डॅमेजमुळे ते तेव्हा मरणार नाही का? ते मरत नाही, कारण टर्नच्या शेवटच्या क्लीनअप टप्प्यात साचलेले डॅमेज पुसले जाणे आणि ‘टर्न संपेपर्यंत’चे परिणाम उतरणे या दोन गोष्टी एकाच वेळी होतात. मात्र त्याच्या आधीच्या क्षणापर्यंत डॅमेज अंगावर असते. ओगरचे दोन सोसून जिवंत राहिलेल्या पाच-पाचच्या अस्वलाला टर्नच्या अखेरीस बोल्ट मारता येतो, आणि बेसावध खेळाडू तेथे फसतो.

तो डाव पुतण्याने जिंकला. पुढच्या टर्नांत भाच्याला फक्त लँड मिळत गेले आणि ओगरने दोनदा हल्ला केला. रात्रीच्या आरतीनंतर ते पुन्हा बसले, तेव्हा पुतण्याने आपल्या टर्नमध्ये सगळी माउंटन टॅप करून ओगर उतरवला. भाच्याने आपल्या टर्नमध्ये अस्वलाने हल्ला केला, पुतण्याने ओगर आडवा घातला, आणि भाच्याने फॉरेस्ट टॅप करून ग्रोथ मध्ये ठेवली व हात मागे घेतला. “अस्वलावर जायंट ग्रोथ. काही उत्तर?” पुतण्याने आपल्या आडव्या माउंटनकडे पाहिले, “नाही, लागू कर,” म्हणाला, आणि लढाईचे डॅमेज बसल्यावर ओगर स्वतःच्या हाताने उचलून त्याने ग्रेव्हयार्डमध्ये ठेवला.